टेकडीवर कवटी सापडली? आधी दात मोजा

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकता सरला होता. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या खालच्या अंगाला, घाणेरीच्या जाळीत मला एक कवटी दिसली. वीतभर लांब, कपाळावर दोन आखूड शिंगं. मी तिथल्या तिथे फोटो काढला आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला: 'टेकडीवर भेकर!' दहा मिनिटांत बारा अंगठे आले. तेवढ्यात शेळ्या हाकत एक मामा आले. त्यांनी काठीनं कवटी उलटी केली, एकदाच पाहिली आणि म्हणाले, "आवं, भेकर कुठलं हितं? बोकडाची मुंडी हाय. ही बगा, भेज्यासाठी चिरलीया." कवटीच्या मागच्या बाजूला सरळ, धारदार चीर होती. मी ती दगडावर आपटून पडलेली भेग समजलो होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कवटी दिसली की नाव घ्यायचं नाही. आधी तोंडात बघायचं, दात मोजायचे, दात पडले असतील तर त्यांची भोकं मोजायची. शिंगं, आकार, 'हे तर बिबट्यासारखं वाटतंय' हे सगळं नंतर. पुण्याच्या टेकड्यांवर, नदीकाठी किंवा सिंहगडाच्या वाटेवर सापडणाऱ्या कवट्यांमध्ये कुत्रं, शेळी, मेंढी, गाय-म्हैस आणि डुक्कर यांचाच भरणा असतो. रानातलं जनावर निघालं तर आनंद आहेच, पण ती शक्यता सगळ्यात शेवटी तपासायची.

हात लावण्याआधी

कवटीला मांस, केस किंवा वास असेल तर हात लावू नका. मेलेल्या कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या मेंदूत आणि लाळेत रेबीजचा विषाणू असू शकतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी अचानक मेलेली असेल आणि नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं दिसत असेल, तर तिथून मागे फिरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. त्याचे बीजाणू मातीत आणि हाडांत वर्षानुवर्षं टिकतात.

कवटी पूर्ण वाळलेली, पांढरी किंवा करडी पडलेली असेल तरी रबरी हातमोजे घाला. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. घरी आल्यावर साबणानं हात धुवा. कवटीच्या आत बऱ्याचदा विंचू, गोम, मुंग्या यांनी घर केलेलं असतं. म्हणून आधी काठीनं उलटायची आणि दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं मी एकदा थांबलो नव्हतो. करंगळी संध्याकाळपर्यंत सुजलेली होती.

फोटो असे काढा

नुसता समोरून काढलेला फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. वरून, डाव्या बाजूनं, खालून (टाळू आणि दात दिसतील असा), समोरून आणि मागून असे पाच फोटो हवेत. खालचा जबडा सापडला तर त्याचे वेगळे दोन: वरून आणि बाजूनं. प्रत्येक फोटोत शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर १० रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोन कवटीच्या अगदी जवळ नेऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मेंदूची पेटी लहान दिसते. दोन-तीन फूट लांब उभे राहा आणि झूम वापरा.

मोजमाप नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत घ्यायचं. आपली जुनी मापं इथे फार कामाला येतात. मुठीत मावते ती मांजर, मुंगूस, ससा, उदमांजर यांच्या गटातली. अर्ध्या वितीपेक्षा जास्त पण वीतभर नाही, ती कोल्हा किंवा वानर असू शकते. वीतभर म्हणजे कुत्रं, शेळी, मेंढी, आणि क्वचित तरस किंवा बिबट्या. दीड वीत ते पावणेदोन वीत असेल तर डुक्कर. हातभर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, ती गाय, म्हैस, घोडा. पिल्लं या हिशेबात बसत नाहीत. ती ओळखायला कवटीवरच्या नागमोडी शिवणी बघा. उघड्या, सहज दिसणाऱ्या शिवणी आणि हिरडीतून अर्धवट वर आलेल्या दाढा म्हणजे वय लहान.

सस्तन की आणखी काही?

कवटी उलटी करा आणि मागे बघा. पाठीचा कणा जिथे जोडलेला असतो तिथे एक मोठं भोक असतं. त्याच्या कडेला दोन गुळगुळीत गोल उंचवटे असतील तर तो सस्तन प्राणी. एकच उंचवटा असेल तर पक्षी किंवा सरपटणारा प्राणी. ही एकच खूण अर्धा गोंधळ मिटवते. पक्ष्याला दात नसतात आणि चोचीवरून पुढचं काम सोपं होतं: घारीची आकडेदार, बगळ्याची भाल्यासारखी, कावळ्याची जाड सरळ. चोचीवरचं शिंगासारखं आवरण मात्र गळून पडतं, त्यामुळे हाडाची चोच जिवंत पक्ष्याच्या चोचीपेक्षा आखूड आणि बोथट दिसते. घोरपडीची कवटी चपटी, हलकी आणि खिडक्या कापल्यासारखी असते. खालचा जबडाही एका सलग हाडाचा नसून अनेक तुकड्यांचा असतो.

आता दात

दातांचे चार प्रकार लक्षात ठेवा: समोरचे पटाशीचे, मग सुळा, मग उपदाढा, मग दाढा. शेवटचे दोन्ही मिळून 'गालाचे दात' म्हणू. तेच मोजायचे, एका बाजूचे, वरचे आणि खालचे वेगवेगळे. कवटी उन्हापावसात पडली की एका मुळाचे दात आधी गळतात. पटाशीचे दात तर बहुतेक नसतातच. पण प्रत्येक दाताची खाच राहते. खाचेत माती भरलेली असेल तर जुन्या टूथब्रशनं साफ करा. लक्षात ठेवा, एका दाढेला दोन किंवा तीन मुळं असतात, म्हणून दोन-तीन जवळजवळची भोकं मिळून एक दात धरायचा. सुरुवातीला इथेच सगळे चुकतात.

समोर वर-खाली छिन्नीसारख्या दोन-दोन लांब पटाशी आणि मागे दाढांपर्यंत मोठी मोकळी जागा असेल तर तो कुरतडणारा प्राणी: उंदीर, घूस, खार, साळिंदर. या पटाशींची पुढची बाजू बहुतेकदा पिवळसर ते केशरी असते. वरच्या मोठ्या पटाशीच्या बरोबर मागे आणखी एक बारीक खुंटीसारखा दात दिसला तर तो ससा. सशाचा गालफाडाचा भाग जाळीदार असतो, लेस विणल्यासारखा. एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

वरच्या जबड्यात समोर एकही दात नाही, एकाही दाताची खाच नाही, आणि मागे प्रत्येक बाजूला सहा चंद्रकोरी नक्षीच्या दाढा, तर रवंथ करणारा प्राणी: शेळी, मेंढी, गाय, म्हैस, हरीण. यांच्या खालच्या जबड्यात समोर आठ दात असतात. सुळाच पटाशीचं सोंग घेऊन रांगेत बसलेला असतो. वरच्या समोरच्या दातांच्या जागी फक्त कठीण हिरडी असते. पण सावध राहा: टाळूच्या पुढचं पातळ हाड मोडलेलं असेल तर वरचे दात मुळातच नव्हते की हाडासकट गेले हे कळत नाही. अशा वेळी दाढांच्या नक्षीवर भरवसा ठेवा. समोर वरही सहा, खालीही सहा मोठे दात आणि हातभर लांब तोंड असेल तर घोडा किंवा गाढव.

सुळे असलेली मंडळी

मोठे सुळे दिसले की लोकांना बिबट्याच आठवतो. जुन्नरच्या उसातल्या बिबट्यांच्या बातम्या रोज वाचल्यावर दुसरं काय होणार! पण गालाचे दात मोजले की बहुतेक वेळा प्रकरण शांत होतं.

कुत्र्याच्या कुळात वर प्रत्येक बाजूला सहा आणि खाली सात गालाचे दात असतात, सगळे मिळून ४२ दात. कुत्रं, कोल्हा, खोकड, लांडगा या सगळ्यांचा हिशेब हाच. मांजराच्या कुळात वर चार (त्यातला पहिला इतका बारीक की नजरेतून निसटतो) आणि खाली फक्त तीन, एकूण ३०. मांजराचं तोंड आखूड, डोळ्यांच्या खोबण्या मोठ्या आणि पुढे वळलेल्या. बिबट्याची कवटी म्हणजे हीच रचना, फक्त वीतभर आणि दणकट. तरसाच्या वर पाच आणि खाली चार, एकूण ३४, आणि त्याच्या उपदाढा बोथट शंकूसारख्या जाड असतात, हाडं फोडण्यासाठी. मुंगसाच्या कवटीत वर सहा, खाली सहा, एकूण ४०. मुंगसाची कवटी लांबट, मुठीत मावणारी आणि मोठ्या मुंगसात डोळ्याच्या मागची हाडाची कडी बऱ्याचदा पूर्ण झालेली असते. मांजरात ती थोडी उघडीच राहते. उदमांजर आणि जवादी मांजराचेही दात ४०, पण डोळ्यामागची कडी उघडी आणि तोंड टोकदार.

कुत्रं की कोल्हा हा प्रश्न खरा अवघड. बाजूनं बघा. कुत्र्याच्या नाकाची रेषा कपाळाशी येताना उंच चढते, छोटी पायरी असल्यासारखी. कोल्ह्याची रेषा सपाट, हळूहळू चढत जाते. कोल्ह्याची कवटी साधारण १५-१६ सेंटिमीटर असते, सुळे बारीक आणि लांबट. खोकडाची त्याहून लहान, सुमारे ११ सेंटिमीटर. खोकडाच्या कपाळावर, डोळ्यांच्या वरच्या टोकांपाशी बोटाच्या पेराला जाणवेल असा खोलगट भाग असतो, कुत्र्यात तिथे फुगवटा असतो. अंगठा फिरवून बघा, डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. भटक्या कुत्र्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या संकरामुळे कुत्र्याची कवटी मात्र वाट्टेल त्या रूपात सापडते. एखाद्या लॅब्रेडॉरची कवटी लांडग्याएवढी भरते. दिवे घाट, सासवड, सुपे या माळरानांच्या बाजूला लांडगे आहेत हे खरं, पण फोटोवरून 'हा लांडगाच' असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लांडगा आणि मोठं कुत्रं यांत फरक करायला दातांची नेमकी मापं लागतात, कधी डीएनएही तपासावा लागतो.

शेळी, मेंढी, गाय, म्हैस आणि हरणाचा मोह

पुण्यात सर्वांत जास्त वेळा चुकणारी कवटी म्हणजे शेळीची. कारण तिला शिंगं असतात आणि शिंगं दिसली की मनात हरीण उभं राहतं. माझंही तेच झालं होतं.

शेळी-मेंढी-गाईचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाची खोळ. खोळ कुजून गळून पडते, तेव्हा उरतो तो खरबरीत, छिद्राळ गाभा. सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग पूर्ण भरीव हाडाचं असतं, दरवर्षी गळतं आणि पुन्हा उगवतं. ते कवटीवरच्या एका दांड्यावर बसलेलं असतं आणि दांड्याच्या टोकाला खरबरीत चक्रासारखी कडा दिसते. भेकराचा हा दांडा तर इतका लांब की त्याच्या रेषा डोळ्यांवरून नाकाकडे दोन उभ्या कण्यांसारख्या उतरतात. शिवाय नर भेकराला वरच्या जबड्यात छोटे सुळे असतात. आणखी एक खात्रीची खूण: चितळ आणि सांबराच्या कवटीत डोळ्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला एक मोकळी खिडकी असते, जिथे हाडं एकमेकांना भिडतच नाहीत. शेळीत अशी मोठी खिडकी नसते. मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा मात्र गफलत करायला लावतो. तो हरीण म्हणवला जात असला तरी त्याचं शिंग शेळीसारखंच खोळीचं असतं आणि गळत नाही.

शेळी की मेंढी हे ओळखणं पुरातत्त्व अभ्यासकांनाही सुरुवातीला जड जातं. पण कवटी शाबूत असेल तर तीन ठिकाणी बघा. पहिलं, डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली. मेंढीच्या हाडात तिथे अंगठ्याचं टोक बसेल असा खळगा असतो, शेळीत ती जागा सपाट. दुसरं, डोक्यावर कपाळाचं हाड आणि मागचं हाड जिथे जुळतं ती आडवी शिवण. शेळीत ती बऱ्यापैकी सरळ जाते, मेंढीत मधोमध पुढे कोन करते. तिसरं, शिंगाचा गाभा. शेळीचा बदामासारखा चपटा, पुढे धार असलेला. मेंढीचा जाडसर, जवळपास तिकोनी आणि बाहेर वळत जाणारा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट फिरणारे तांडे, पुणे जिल्ह्यातून खाली उतरतात, तेव्हा वाटेवरच्या माळावर मेंढीच्या कवट्या हमखास दिसतात.

गाय आणि म्हैस हा फरक सोपा. गाईचं कपाळ सपाट आणि शिंगाचा गाभा गोलसर. म्हशीचं कपाळ फुगीर आणि शिंगाचा गाभा चपटा, तिकोनी, मागे झुकलेला. २०२० च्या डिसेंबरमध्ये कोथरूडमध्ये गवा शिरला होता, तेव्हापासून टेकडीवरची प्रत्येक मोठी कवटी गव्याची ठरवण्याची फॅशन आली आहे. गव्याच्या दोन शिंगांच्या मधोमध डोक्यावर उंच, पुढे झुकलेली कमानदार कड असते. ती नसेल तर पुन्हा खिलारीचा विचार करा.

वयही सांगता येतं, फक्त खालचा जबडा समोरच्या दातांसकट मिळायला हवा. बैलगाडा शर्यतीच्या गावात कुणालाही विचारा. दुधाचे दात म्हणजे 'आदत', मधले दोन दात पडून मोठे आले की 'दुसा', चार आले की 'चौसा', मग सहादाती आणि आठही आले की 'जुळलेला'. शेळीत दुसा साधारण सव्वा-दीड वर्षाचा, जुळलेली साडेतीन-चार वर्षांची. बैलात दुसा दोन वर्षांच्या पुढे, जुळायला चार वर्षं किंवा थोडी जास्त. दात झिजायला लागल्यावर मात्र हिशेब ढिला होतो. चारा कसा, माती किती यावर झीज बदलते.

आणि ती मामांनी दाखवलेली चीर. खाटकाकडची मुंडी दोन खुणांनी ओळखू येते. एक, सत्तूरचा सरळ, धारदार काप, बहुतेकदा डोक्याच्या मधून उभा. नैसर्गिक भेग कधी इतकी सरळ जात नाही, ती शिवणीच्या वळणानं जाते. दोन, केस जाळण्यासाठी मुंडी भाजलेली असते, त्यामुळे नाकावर आणि शिंगांच्या बुडाशी काळपट डाग राहतात. म्हसोबाच्या दगडापाशी कुंकू लावलेली कवटी पडलेली असेल तरी घाबरू नका, ती बहुधा नवसाच्या बोकडाची असते. ती तिथेच राहू द्या.

डुक्कर, वानर आणि माणसाची भीती

आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणताना खालच्या जबड्याचा तुकडा निघाला. त्यात चार गोलसर, बोथट गाठींच्या दाढा. माळीकाका काम सोडून उभे राहिले, वॉचमननं पोलिसांना फोन केला, सोसायटीच्या चेअरमननी देवाला हात जोडले. तो डुकराचा जबडा होता. डुक्कर सर्वभक्षी असल्यामुळे त्याच्या दाढा माणसाच्या दाढांसारख्या गाठीगाठींच्या असतात, आणि सुटी दाढ बघून भले भले फसतात. पण डुकराच्या एका बाजूला गालाचे सात दात असतात, माणसाच्या अक्कलदाढेसकट पाच. आणि डुकराची शेवटची दाढ लांबट असते, बाकीच्या दाढांपेक्षा बरीच मोठी. कवटी पूर्ण असेल तर प्रश्नच नाही: डुकराचं कपाळ मागे उंच चढत जातं, कवटी बाजूनं तिकोनी दिसते. रानडुकराची ही रेषा सरळ, पाळीव डुकराची कपाळापाशी खचलेली. नर रानडुकराचे सुळे तिकोनी आणि वर वळलेले.

वानर आणि माकडाची कवटी लहान मुलाची समजली जाते. त्यांचे दातही ३२, माणसाइतकेच, आणि डोळ्याच्या खोबणीला मागे हाडाची भिंत असते, जी कुत्रा-मांजर-शेळीत नसते. पण वानराचं तोंड पुढे आलेलं असतं, भुवयांवर जाड कड असते, सुळे इतरांपेक्षा स्पष्ट मोठे असतात आणि वरच्या पटाशी व सुळ्यामध्ये खालचा सुळा बसायला फट असते. कवटी उलटी करून मागचं भोक बघा. वानरात ते मागच्या बाजूला सरकलेलं असतं. माणसात ते तळाच्या जवळपास मधोमध असतं, कारण आपलं डोकं कण्यावर तोललेलं असतं. चेहरा उभा, मेंदूची पेटी मडक्यासारखी गोल, दात सगळे एका पातळीत, अशी कवटी दिसली तर ती उलटीपालटी करू नका, उचलू नका, जागा बदलू नका. ११२ वर फोन करा आणि पोलीस येईपर्यंत लांब थांबा.

चिमुकल्या कवट्या

नखाएवढ्या, पेराएवढ्या कवट्या टेकडीवर सुट्या सापडत नाहीत. त्या सापडतात गव्हाणी घुबडाच्या गोळ्यांत. जुना वाडा, बंद पडलेली गिरणी, पाण्याच्या टाकीचा कठडा, जिथे घुबड बसतं त्याच्या खाली राखाडी, अंगठ्याएवढे गोळे पडतात. घुबडाला न पचलेले केस आणि हाडं त्यात असतात. गोळा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि सुईनं उकला. एकात दोन-तीन कवट्या सहज निघतात. बहुतेक उंदरांच्या, पण मधूनच एखादी लांबट, टोकदार, पांढऱ्या दातांची निघते जिला गालाची हाडाची कमानच नाही. ती चिचुंद्री. उंदीर नव्हे, कीटक खाणारा प्राणी, दात ३०. मुलांना हाडांची ओळख करून द्यायची असेल तर याच्याइतकी चांगली सुरुवात नाही, आणि स्वयंपाकघरातल्या चिचुंद्रीबद्दलचा रागही थोडा कमी होतो.

जागा काय सांगते

कवटी जिथे पडली तिथेच ते जनावर मेलं असेल असं नाही. नदीत वाहून येते, कुत्री ओढून नेतात. कडेला गोल खळगे आणि बोथट कुरतडल्याच्या खुणा म्हणजे कुत्री. हाडावर शेजारी शेजारी, समांतर, रुंद खाचा दिसल्या तर साळिंदर. ते कॅल्शियमसाठी हाडं कुरतडतं आणि गोळा करून बिळापाशी नेतं. म्हणून टेकडीवर एका जागी गाय, शेळी, कुत्रं अशा सरमिसळ हाडांचा ढीग दिसला तर नरभक्षक बिबट्याची गुहा सापडली असं समजू नका. आजूबाजूला काळेपांढरे काटे शोधा.

कुणाला विचारायचं आणि काय ठेवायचं नाही

फोटो आणि मापं घेतल्यावरही अडलं तर आयनॅचरलिस्ट अॅपवर पाचही फोटो एकत्र टाका आणि जागा नेमकी द्या. हाडं ओळखणारे तिथे नियमित असतात. पुण्यात या विषयाची खरी पंढरी म्हणजे डेक्कन कॉलेज, जे डेक्कनला नसून येरवड्याला आहे. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन झालं. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या परंपरेतल्या डेक्कन कॉलेजात अशा उत्खननांतली जनावरांची हाडं ओळखण्याचा स्वतंत्र अभ्यास उभा राहिला. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथे जाण्याआधी पत्र किंवा मेल करा, कवटी पिशवीत घालून थेट दारात जाऊ नका.

कारण कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानात मेलेलं सापडलेलं वन्य जनावर आणि त्याचे अवयव सरकारची मालमत्ता असतात. कवटी, दात, नखं, गळून पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा. असं काही हाती आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. सोपा मार्ग म्हणजे उचलायचंच नाही. फोटो काढा, जागेची नोंद करा आणि बिबट्या, तरस, लांडगा, हरीण, मुंगूस, साळिंदर यांपैकी काही वाटलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगा. घरातल्या शोकेसमध्ये 'सिंहगडावर सापडलं' म्हणून ठेवलेलं शिंग कधी ना कधी अडचणीत आणतं.

शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांची वाळलेली कवटी अभ्यासासाठी घरी आणायची असेल तर उकळू नका. उकळल्यावर चरबी हाडात मुरते, दात तडकतात. झाकण असलेल्या बादलीत कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून भिजत ठेवा, चार-पाच दिवसांनी पाणी बदला, दोन-तीन आठवड्यांत राहिलेलं मांस सुटतं. बादली गच्चीच्या अगदी कोपऱ्यात, वाऱ्याच्या उलट बाजूला. सुटून पडलेले दात चाळणीत गोळा करा, नाहीतर पाण्याबरोबर नाल्यात जातात. पांढरी करायची असेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, घरचं ब्लीच नको, त्यानं हाड भुसभुशीत होतं. दात सुकल्यावर एकेक करून आपापल्या खाचेत फेविकॉलच्या थेंबानं बसवा. माझ्या बोकडाला अजून खालचे तीन दात कमी आहेत.